घोड्याच्या जखमेपासून पोलिसांच्या पाठलागापर्यंत

इंग्रजी राजवटीत कलकत्त्याच्या खिदिरपूर इथल्या सरकारी गोदीतले मजूर एकदा लोखंडाचा एक अवजड तुकडा भर रस्त्यातून नेत होते. तेवढ्यात 'पेनिन्शुलर अँड ओरिएंटल' या जहाज कंपनीच्या नोकराची घोडागाडी तिथे आली. मजूर गडबडले आणि लोखंड हातातून सुटले. त्या आवाजाने घोडा बुजला, पुढे झेपावला आणि त्याच लोखंडावर आपटून जखमी झाला. जहाज कंपनीने सरकारकडे साडेतीनशे रुपये मागितले. १८६१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला, की गोदी चालवणे हे कोणत्याही व्यापाऱ्याने करावे असे काम आहे, तेव्हा सरकारने भरपाई द्यावी. मात्र जे काम केवळ राज्यसत्ताच करू शकते, ते करताना कुणाचे नुकसान झाले, तर सरकारवर दावा चालणार नाही.

घोड्याच्या मालकाचे काम झाले. पण निकालातला तो 'मात्र' पुढे शंभराहून अधिक वर्षे या देशातल्या अपघातग्रस्तांच्या आड येत राहिला, आणि पोलिसांच्या गाडीने किंवा पोलीस मागे लागलेल्या गाडीने जखमी होणाऱ्या माणसाचा प्रश्न आजही तिथूनच सुरू होतो.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या वाचकाला कलकत्त्याचा हा घोडा फार लांबचा वाटेल. पण पेठेच्या गल्ल्या डोळ्यांपुढे आणून पाहावे. जुन्या गावठाणातली ही वस्ती मोटारीचा विचार करून वसलेली नाही. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे, उंबऱ्याबाहेर पडताच रस्त्यावर येणारी मुले, दुकानासमोर उभा असलेला हातगाडा, आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या. सोलापूर हे दोन मोठ्या राष्ट्रीय महामार्गांवरचे शहर आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग इथून जातो आणि तुळजापूरकडून विजयपूरकडे उतरणारा ५२ क्रमांकाचाही. नाकाबंदी चुकवून निघालेली मोटार किंवा गळ्यातली साखळी ओढून पळणारा दुचाकीस्वार महामार्गावरून शहरात शिरला आणि मागे पोलिसांची गाडी लागली, तर त्या पाठलागात पोलीस असतात, पळणारा असतो आणि ज्याचा या दोघांशीही काही संबंध नाही असा एक तिसरा माणूस असतो. त्याला इजा झाली तर भरपाई कोण देणार, हा या लेखाचा विषय आहे. मला स्वतःला हा विषय कायद्याच्या पुस्तकातल्या कोणत्याही मोठ्या सिद्धांताहून जवळचा वाटतो, कारण तो तिसरा माणूस आपल्यापैकी कुणीही असू शकतो.

सरकारवर दावा कधी लावता येतो, हे राज्यघटनेच्या ३०० व्या कलमात आहे. ते वाचताना मोठे नवल वाटते. सरळ उत्तर देण्याऐवजी हे कलम सांगते, की घटनेपूर्वी जसा दावा लावता येत असे तसाच लावता येईल. मग १९३५ चा कायदा उघडावा लागतो. तो १९१५ च्या कायद्याकडे पाठवतो आणि १९१५ चा १८५८ च्या कायद्याकडे. १८५८ चा कायदा म्हणतो, की ईस्ट इंडिया कंपनीवर ज्या प्रकारे दावा लावता येत होता त्याच प्रकारे लावावा. स्वतंत्र भारताच्या नागरिकाचा आपल्याच सरकारविरुद्धचा हक्क असा एका व्यापारी कंपनीच्या जबाबदारीवर मोजला जातो. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये 'क्राउन प्रोसीडिंग्ज' कायदा करून राजसत्तेचे हे संरक्षण बऱ्याच अंशी सोडून दिले. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने त्याच्या आदल्याच वर्षी तसा कायदा केला होता. आपल्याकडे पहिल्या विधी आयोगाने, मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली, १९५६ मध्ये आपला पहिलाच अहवाल या विषयावर दिला. त्यावर बेतलेले विधेयक १९६० च्या दशकात लोकसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

कायदा नसल्यामुळे सगळा भार न्यायालयांवर पडला. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची सरकारी जीप १९५२ मध्ये दुरुस्तीहून परत येत होती. चालकाच्या हलगर्जीपणामुळे तिने पदपथावरून चाललेल्या एका माणसाला धडक दिली आणि तीन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. मागे पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी राहिली. राजस्थान सरकारने बचाव केला, की जीप सरकारी कामासाठी ठेवलेली होती. 'विद्यावती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो बचाव नाकारला आणि पंधरा हजार रुपयांची भरपाई कायम केली. प्रजासत्ताकात सरकारने खाजगी मालकाहून वेगळे का असावे, असा त्या निकालाचा सूर होता.

तीनच वर्षांत तो सूर पालटला. या वेळी प्रकरण पोलिसांचे होते. सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला संशयावरून पकडले आणि त्याच्याकडचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने व बरीचशी चांदी जप्त केली. ठाण्याच्या मालखान्यातले सोने घेऊन तिथला हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळून गेला. सराफाने सोन्याची किंमत मागितली. 'कस्तुरीलाल' खटल्याचा हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश आपल्याच साताऱ्याचे होते, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. त्यांनी हलगर्जीपणा मान्य केला, पण अटक आणि जप्ती ही राज्यसत्तेची खास कामे असल्याने सरकारवर दावा चालणार नाही, असे ठरवले. मात्र ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळांनी आता यावर गंभीरपणे कायद्याचा विचार करावा, हेही त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवले. स्वतःच्याच निकालाबद्दलची ही अस्वस्थता इतक्या स्वच्छपणे नोंदवणारे न्यायाधीश थोडे असतात. साठ वर्षे उलटली, तो कायदा झालेला नाही.

पाठलागाच्या दृष्टीने 'कस्तुरीलाल' महत्त्वाचा आहे, कारण आरोपीच्या मागे धावणे हे राज्यसत्तेचे खास काम नसेल तर मग दुसरे कोणते असेल? सरकारी वकिलाला हा बचाव मिळाला, की गाडीच्या प्रत्येक अपघातात एकच प्रश्न उभा राहायचा: गाडी त्या क्षणी कोणते काम करत होती? लष्करी वाहनांच्या खटल्यांत या प्रश्नातून विलक्षण भेद निर्माण झाले. पंजाब उच्च न्यायालयापुढच्या एका खटल्यात कामावरच्या जवानांसाठी जेवण नेणाऱ्या लष्करी ट्रकने माणूस मारला होता, तर ते राज्यसत्तेचे काम ठरले आणि भरपाई नाकारली गेली. दिल्लीत हवाई दलाची गाडी हॉकीच्या खेळाडूंना सामन्याला नेण्याच्या कामावर असताना अपघात झाला, तेव्हा सरकार जबाबदार ठरले. मद्रासमध्ये नौदलाच्या जहाजासाठी गॅस नेणाऱ्या लॉरीने दहा वर्षांच्या मुलाला जबर जखमी केले. न्यायालयाने कायद्याने हात बांधलेले असल्याचे सांगितले आणि माणुसकी म्हणून दहा हजार रुपये द्यावेत, अशी सरकारला सूचना केली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९६८ च्या सुमारास वेगळी वाट धरली. तोफखान्याच्या शाळेकडे यंत्र नेणाऱ्या लष्करी ट्रकने एका सायकलस्वाराचा जीव घेतला होता. असे यंत्र वाहून नेणे खाजगी माणसालाही जमते, त्यात राज्यसत्तेचे असे काही नाही, असे म्हणून न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. जखम तीच आणि चाकही तसेच, पण ट्रकमध्ये जेवण होते की यंत्र, यावर विधवेचे पोट अवलंबून होते. हे मला अन्यायाचे वाटते.

यातून बरीचशी सुटका केली ती मोटार वाहन कायद्याने. अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आली आणि वाहनाचा मालक, मग तो कुणीही असो, भरपाईला बांधील ठरला. १९८० च्या दशकात 'पुष्पा ठाकूर' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी ट्रकच्या अपघातात राज्यसत्तेच्या संरक्षणाचा बचाव फेटाळला. १९९४ मध्ये 'नागेंद्र राव' निकालाने या संरक्षणाचा पायाच खिळखिळा केला आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'कस्तुरीलाल'ला आता बंधनकारक मूल्य उरले नसल्याचे सांगितले. आज पोलिसांच्या गाडीने एखाद्याला उडवले, तर 'गाडी सरकारी कामावर होती' एवढ्या बचावावर दावा फेटाळला जात नाही.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने सरकारच्या मालकीच्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना सक्तीच्या विम्यातून सूट दिली आहे. त्यामुळे पोलिसांच्या गाडीमागे विमा कंपनी असेलच असे नाही. तेव्हा दावा थेट महाराष्ट्र शासनावर असतो आणि रक्कम सरकारी तिजोरीतून येते.

ही रक्कम कशी ठरते तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या 'सरला वर्मा' आणि २०१७ च्या 'प्रणय सेठी' निकालांत हिशेबाची रीत घालून दिली. समजा, महिना पंधरा हजार मिळवणारा बत्तीस वर्षांचा एक यंत्रमाग कामगार पाठलागाच्या वाटेत सापडून वारला. घरी खाणारी चार माणसे आहेत. वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपये. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,००० झाले. त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा, उरले १,८९,०००. त्या वयासाठी गुणक १६ आहे. गुणाकार ३०,२४,००० रुपये येतो. कुटुंबाच्या वियोगाची, अंत्यविधीची ठरलेली रक्कम आणि व्याज त्याहून वेगळे. गेलेला माणूस यातून परत येत नाही, पण मुलांची शाळा सुटत नाही आणि घरावर कर्जाचा डोंगर चढत नाही. म्हणूनच हा हिशेब पेठेतल्या प्रत्येक घरी माहीत असावा असे मला वाटते.

आता खरा गुंता. पोलिसांच्या गाडीने धडक दिली तर वाट मोकळी आहे. पण पाठलागात बहुधा धडक देतो तो पळणारा. पोलिसांची गाडी पन्नास फूट मागे असते, तिचा कुणाला स्पर्शही होत नाही. मग त्या तिसऱ्या माणसाने कुणाकडे मागायचे? पळणाऱ्याच्या गाडीचा विमा असेल तर त्या कंपनीकडे. गाडी चोरीची किंवा विमा नसलेली निघाली, तर आदेश मिळतो पण वसुली अवघड होते. पळणारा सापडलाच नाही, गाडीही कळली नाही, तर 'हिट अँड रन' योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. वर काढलेल्या तीस लाखांच्या हिशेबाशी हे दोन लाख ताडून पाहिले, की या गुंत्याची किंमत कळते.

अशा वेळी पोलिसांच्या गाडीलाही जबाबदार धरता येईल का? माझ्या मते येईल, आणि त्याचा आधार महाराष्ट्रातच सापडतो. ऑक्टोबर १९८७ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४ वर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर कलंडला, पेट्रोल गळत राहिले आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन जवळची माणसे भाजून मेली. टँकर तर तेव्हा नुसता पडून होता, मग हा 'वाहनाच्या वापरातून झालेला' अपघात कसा, असा वाद घालण्यात आला. 'शिवाजी दयानू पाटील' या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांचा अर्थ रुंद केला. वापर आणि मृत्यू यांच्यात कारणाचा धागा असला की पुरे, धडक त्याच क्षणी आणि त्याच चाकाने व्हायला हवी असे नाही. हाच धागा पाठलागालाही लावता येतो. शाळा सुटण्याच्या वेळी पोलिसांची गाडी अरुंद गल्लीत भरधाव घुसली आणि तिच्या भीतीने पळणाऱ्याने वेग वाढवला, तर दोघांच्या वागण्याचा मिळून तो अपघात आहे. आणि दोन वाहनचालकांच्या एकत्रित हलगर्जीपणात जखमी माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, हे २०१५ च्या 'खेन्येई' निकालाने पक्के केले आहे. अर्थात पोलिसांची गाडी हलगर्जीपणे चालवली गेली, हे सिद्ध करावे लागते. नुसता पाठलाग करणे हा दोष नव्हे, आणि तो तसा असूही नये.

पोलिसांना वेगाची मोकळीक आहे ती किती, हे २०१७ च्या वाहनचालन नियमांत लिहिलेले आहे. अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्या गाड्यांना भोंगा व दिवा चालू असताना, खऱ्या आणीबाणीच्या कामावर असताना, लाल सिग्नल ओलांडता येतो आणि वेगमर्यादा मोडता येते. पण योग्य ती काळजी घेऊनच. म्हणजे मोकळीक नियमातून आहे, काळजीतून नाही. न्यायाधिकरणापुढे वाद होतो तो या काळजीबद्दल: गल्ली केवढी होती, वेळ कोणती, गर्दी किती, आणि पळणाऱ्याचा गुन्हा केवढा. राज्यभर ११२ क्रमांकाच्या यंत्रणेत धावणाऱ्या पोलीस गाड्यांचा ठावठिकाणा नियंत्रण कक्षात दिसत असतो. ही नोंद आणि चौकातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण वेळीच मागून घेतले, तर ते दोन्ही बाजूंना न्याय देऊ शकते.

जबाबदारी मर्यादित करणारा आणखी एक कायदा आपल्याकडे आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. त्याच्या १५९ व्या कलमाने सद्‌भावनेने कर्तव्य करणाऱ्या अधिकाऱ्याला नुकसानभरपाईपासून संरक्षण दिले आहे. १६१ व्या कलमाप्रमाणे कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा लावायचा, तर तो सहसा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो आणि त्याआधी महिनाभराची नोटीस द्यावी लागते. सोलापूरला सत्तेच्या अशा कवचांची ओळख नवी नाही. मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. लष्करी अंमलात केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संसदेच्या कायद्याने अभय देण्याची सोय घटनेच्या ३४ व्या कलमात आजही आहे. रात्रीबेरात्री जीव धोक्यात घालणाऱ्या शिपायाला वैयक्तिक दाव्यांपासून संरक्षण हवेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शिपायाचे कवच हे शासनाचे कवच होता कामा नये. न्यायाधिकरणातला दावा गाडीच्या मालकावर, म्हणजे शासनावर असतो, आणि तो तसाच राहायला हवा.

पाठलागाचा विचार सर्वांत बारकाईने झाला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो परगण्यात १९९० मध्ये पोलिसांनी एका मोटरसायकलचा पाठलाग केला. तो फक्त पंचाहत्तर सेकंद चालला आणि अंतर जेमतेम दोन किलोमीटर होते, पण मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा मेला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की घाईच्या क्षणी घेतलेला निर्णय सदसद्विवेकाला हादरवणारा नसेल तर घटनेचा भंग होत नाही. जॉर्जियातल्या एका प्रकरणात, वेगमर्यादा मोडून पळणाऱ्या तरुणाच्या गाडीला धक्का देऊन पोलिसांनी ती रस्त्याबाहेर घातली आणि त्याला कायमचे लुळेपण आले. २००७ मध्ये निकाल पोलिसांच्या बाजूने लागला. ही दोन्ही प्रकरणे पळणाऱ्या गाडीतल्यांची होती. बघ्या तिसऱ्यासाठी कॅलिफोर्नियाने वेगळा सौदा केला. ज्या पोलीस दलाने पाठलागाचे लेखी धोरण केले आहे आणि शिपायांना त्याचे नियमित शिक्षण दिले आहे, त्या दलाला पळणाऱ्या गाडीने केलेल्या नुकसानीपासून संरक्षण मिळते. पाठलाग कधी सुरू करायचा, किती गाड्यांनी करायचा, वरिष्ठाची देखरेख कशी असेल आणि मुख्य म्हणजे कधी सोडून द्यायचा, हे त्या धोरणात असावे लागते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक शिपायाने ते वाचल्याची सही केलेली नसली तरी एवढ्यावरून दलाचे संरक्षण जात नाही. हा सौदा मला पुरता पटत नाही. धोरण कागदावर राहिले तरी दल सुटते आणि जखमी माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: संरक्षण हवे असेल तर आधी नियम करा.

आपल्या मोटार वाहन कायद्यात किंवा पोलीस अधिनियमात पाठलाग कधी थांबवावा, याबद्दल एकही कलम नाही. ते असायला हवे. हेल्मेट नसलेल्या पोरामागे आणि शस्त्र घेऊन निघालेल्या दरोडेखोरामागे एकाच वेगाने गाडी पळवता येणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहावे. गाडीचा क्रमांक मिळाला असेल तर गावठाणाच्या गल्लीत शिरू नये आणि पुढच्या चौकाला बिनतारी संदेश द्यावा, हेही लिहावे. असा नियम पोलिसांच्याही हिताचा आहे, कारण वेळीच थांबलेल्या चालकाला मग कुणी भित्रा म्हणणार नाही.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे. अशा अपघातात सापडलात, तर पळणाऱ्या गाडीचा मालक, तिची विमा कंपनी आणि महाराष्ट्र शासन या तिघांनाही दाव्यात प्रतिवादी करा. दोष सिद्ध न करता मिळणारे मृत्यूचे पाच लाख किंवा गंभीर दुखापतीचे अडीच लाख स्वीकारण्याआधी वकिलाशी बोला, कारण ते घेतले की मोठा दावा सुटतो. अपघात परगावी झाला असला तरी तुम्ही राहता त्या भागाच्या न्यायाधिकरणात, म्हणजे सोलापुरातच, अर्ज करता येतो. कायद्यात त्यासाठी अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्यावर विसंबू नका. अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करा.